एक तारीख मागा: ब्रिटनमध्ये वुडकॉकच्या शिकारीचा हंगाम उशिरा सुरू व्हावा म्हणून मोहीम कशी चालवायची

ऑक्टोबर उजाडला की इंग्लंडमधल्या आमच्या मराठी पक्षीनिरीक्षकांच्या गटात दर वर्षी तेच घडतं. कुणीतरी दुकानाबाहेर टांगलेल्या वुडकॉक या पक्ष्याचा फोटो टाकतं. सगळे हळहळतात, दोघे-तिघे चिडतात आणि एक जण रात्री बसून संसदेच्या संकेतस्थळावर याचिका लिहून टाकतो. काही दिवसांनी ती नाकारल्याचा ईमेल येतो आणि विषय पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थंड पडतो.

असे नाकारले गेलेले मसुदे मी वाचले आहेत, त्यातला एक माझाच होता. तळमळ सगळ्यांची खरी होती. पण मागणी चुकीची, शब्द चुकीचे आणि दारही चुकीचं. हा लेख त्या चुका टाळण्यासाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. तिसरी पायरी पहिल्यांदा केली तर सहा महिने वाया जातात.

## 1. आज कायदा काय म्हणतो ते स्वतः वाचा

बातमीवर किंवा जुन्या पोस्टवर विसंबू नका. सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर ‘वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्ट 1981’ उघडा आणि कलम 2 वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

या कायद्यात शिकारीचा हंगाम थेट दिलेला नसतो, ‘बंद हंगाम’ दिलेला असतो. म्हणजे कोणत्या तारखांच्या दरम्यान पक्षी मारता येणार नाही ते. उरलेला काळ शिकारीला मोकळा. 1981 च्या मूळ तरतुदीप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये वुडकॉकचा बंद हंगाम 1 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर, म्हणून बंदुका 1 ऑक्टोबरला बाहेर पडतात आणि 31 जानेवारीला थांबतात. स्कॉटलंडमध्ये बंद हंगाम 31 ऑगस्टलाच संपतो, म्हणून तिथे शिकार एक महिना आधी, 1 सप्टेंबरला सुरू होते.

तपासा: तुम्ही वाचत असाल त्या दिवशी या तारखा बदललेल्या नाहीत ना? त्यांत बदल करण्यासाठी सरकारने एखादी सार्वजनिक सल्लामसलत उघडलेली नाही ना? उघडलेली असेल तर याचिकेचा विचार सोडा, सरळ नवव्या पायरीवर जा आणि तिथे उत्तर पाठवा. सल्लामसलत चालू असताना दिलेल्या एका नीट उत्तराचा उपयोग शंभर सह्यांपेक्षा जास्त होतो.

## 2. तारखेमागचं कारण पाठ करा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. म्हणून इथे जरा थांबू.

वुडकॉक हा आपल्या पाणलाव्याच्या कुळातला, पण झाडीत राहणारा पक्षी. अंगावर वाळक्या पानांचे रंग, लांब चोच, दिवसा जंगलात दडून बसणार, रात्री शेतात उतरून गांडुळं शोधणार. ब्रिटनमध्ये त्यांचे दोन जमाव असतात. एक इथेच अंडी घालणारा, वर्षभर राहणारा. दुसरा रशिया, स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिक देशांतून हिवाळ्यापुरता येणारा.

2013 च्या देशव्यापी गणनेत इथे विणीच्या काळात सुमारे 55,000 नर असल्याचा अंदाज निघाला. त्याआधीच्या 2003 च्या गणनेत तो सुमारे 78,000 होता. दहा वर्षांत 29 टक्के घट. 2015 पासून हा पक्षी ब्रिटनच्या पक्ष्यांच्या ‘रेड लिस्ट’मध्ये, म्हणजे सर्वांत जास्त काळजी वाटणाऱ्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. पाहुण्यांचा आकडा याच्या कितीतरी पट मोठा, हिवाळ्यात सुमारे 14 लाख. दर हंगामात सुमारे 1 लाख 60 हजार वुडकॉक मारले जातात, असा काही वर्षांपूर्वीचा अंदाज आहे आणि त्यातले बहुसंख्य अर्थातच पाहुणे.

मग इतक्या पाहुण्यांत स्थानिक पक्ष्यांची काळजी कशाला? कारण पाहुणे मुख्यतः नोव्हेंबरमध्ये येतात. शिकारी मंडळी नोव्हेंबरच्या पौर्णिमेला ‘वुडकॉकचा चंद्र’ म्हणतात ते उगाच नाही. 1 ऑक्टोबरला जंगलात जो वुडकॉक उठतो तो बहुधा इथलाच असतो. उडत्या पक्ष्याकडे पाहून हा स्थानिक की रशियाचा, हे जगातल्या कुठल्याही नेमबाजाला सांगता येत नाही. म्हणून निवड पक्ष्याची करता येत नाही, तारखेचीच करावी लागते. 1 डिसेंबरला सुरुवात केली तर स्थानिक पक्षी पाहुण्यांच्या गर्दीत मिसळलेले असतात आणि त्यांच्या वाट्याचा धोका कमी होतो.

हे सगळं पक्षीप्रेमींचं म्हणणं आहे असं समजू नका. शिकारीच्या पक्ष्यांवर संशोधन करणारा आणि शिकारीला विरोध नसणारा ‘गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट’ स्वतःच शिकाऱ्यांना 1 डिसेंबरपूर्वी वुडकॉक मारू नका असं सांगतो. तुमच्या मोहिमेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. तो पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे.

थांबा, इथे तीन चुका हमखास होतात:

‘शिकारीमुळे वुडकॉक कमी झाले’ असं लिहू नका. जंगलं जुनी आणि दाट होणं, जमीन कोरडी पडणं, हरणांनी खालची झुडपं खाऊन टाकणं, माणसांचा वावर अशी अनेक कारणं तज्ज्ञ मांडतात. शिकारीचा वाटा नेमका किती, हे सिद्ध झालेलं नाही. तुम्ही लिहायचं ते एवढंच: घटणाऱ्या पक्ष्यावरचा एक ताण आपण केवळ तारीख बदलून, खर्चाशिवाय कमी करू शकतो.

‘हा पक्षी नामशेष होतोय’ असंही लिहू नका. जगभरात त्याला धोका नाही, आंतरराष्ट्रीय यादीत तो सुरक्षित गटात आहे. लाल यादी ब्रिटनपुरती आहे. समोरचा माणूस हे एका वाक्यात दाखवून देईल आणि तुमचं बाकीचं खरं बोलणंही वाया जाईल.

आणि 55,000 व 14 लाख हे आकडे कधीही वेगवेगळे देऊ नका. नुसता पहिला दिला तर विरोधक दुसरा काढतात आणि तुम्ही काहीतरी लपवत होता असं दिसतं.

## 3. मागणी एका वाक्यात बसवा

आपण अशा देशातून आलो जिथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे दरवाजे बंद केले. ‘हंगामात परवानगी, एरवी नाही’ ही कल्पनाच आपल्याला परकी वाटते. त्यामुळे हात आपोआप ‘बंदी घाला’ असं लिहितो. तुमच्या मनात पूर्ण बंदी असेल, माझ्याही आहे. पण ती मागणी वेगळ्या कलमाची आहे आणि आज तिला शिकाऱ्यांच्या बाजूचं एकही मत मिळणार नाही. तारखेच्या मागणीला मिळू शकतं.

कायद्यात तीन वेगवेगळ्या किल्ल्या आहेत. कोणती फिरवायची ते ठरवा.

* कलम 2(5): मंत्री आदेश काढून एखाद्या पक्ष्याचा बंद हंगाम बदलू शकतात, अख्ख्या ग्रेट ब्रिटनसाठी किंवा ठरावीक भागासाठी. आपल्याला हीच हवी. नवीन कायदा करावा लागत नाही.
* कलम 2(6): कडाक्याच्या थंडीत तात्पुरतं संरक्षण, एका वेळी जास्तीत जास्त 14 दिवस. बर्फ पडलं की लोक चुकून याचाच हवाला देतात. आपल्या मागणीशी याचा संबंध नाही.
* कलम 22: पक्ष्याला शिकारयोग्य पक्ष्यांच्या परिशिष्टातून काढून टाकणं, म्हणजे कायमची बंदी. तो मोठा लढा आहे, या याचिकेत मिसळू नका.

मागणीचं वाक्य असं: ‘मंत्र्यांनी 1981 च्या कायद्यातील कलम 2(5) वापरून इंग्लंडमध्ये वुडकॉकच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबरऐवजी 1 डिसेंबरला सुरू करावा.’ कोणी, कशाच्या आधारे, कुठे, काय, कधीपासून, या पाचांची उत्तरं त्यात आली. यातलं एक जरी गळलं तरी वाक्य पुन्हा लिहा.

शब्दाची एक चूक, फार महागात पडणारी: मराठीत सगळं ‘शिकार’. ब्रिटिश इंग्रजीत मात्र ‘हंटिंग’ म्हणजे कुत्रे घेऊन, बहुधा घोड्यावरून केलेला पाठलाग. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर 2004 च्या कायद्याने बंदी आली ती याच ‘हंटिंग’वर. बंदुकीने पक्षी मारण्याला इथे ‘शूटिंग’ म्हणतात. याचिकेत ‘हंटिंग सीझन’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की लिहिणाऱ्याला विषय माहीत नाही. ‘शूटिंग सीझन’ आणि ‘क्लोज सीझन’ हेच शब्द वापरा.

## 4. योग्य दार ठोठवा

वन्यजीवांचा विषय ब्रिटनच्या चारही भागांत वेगवेगळ्या सरकारांकडे आहे. लंडनच्या संसदेकडे स्कॉटलंडची तारीख मागितली तर याचिका ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून परत येते. माझी स्वतःची याचिका याच कारणाने परत आली होती, कारण मी मोठ्या उत्साहाने ‘संपूर्ण युनायटेड किंग्डममध्ये’ असं लिहून ठेवलं होतं.

इंग्लंडसाठी मंत्री म्हणजे पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार खात्याचे, ज्या खात्याला सगळे ‘डेफ्रा’ म्हणतात. याचिका वेस्टमिन्स्टरच्या संसदेकडे.

वेल्ससाठी याचिका सेनेडकडे, म्हणजे वेल्सच्या संसदेकडे. तिथे 250 सह्यांवर समिती विषय हाती घेते आणि 10,000 वर सभागृहातल्या चर्चेचा विचार होतो. याचिका सुरू करणारा वेल्सचा रहिवासी हवा.

स्कॉटलंडच्या संसदेत सह्यांची अटच नाही, एका माणसाची याचिकाही समितीपुढे जाते. पण त्याआधी तुम्ही सरकारशी किंवा तिथल्या लोकप्रतिनिधीशी हा विषय काढलेला असावा लागतो. म्हणून आधी पत्र, मग याचिका. तिथली तारीख 1 सप्टेंबर असल्याने मागणी तीन महिन्यांची होते, हेही लक्षात ठेवा.

उत्तर आयर्लंडला 1981 चा कायदा लागूच नाही, तिथे 1985 चा स्वतंत्र आदेश आहे.

यापुढच्या पायऱ्या इंग्लंडसाठी लिहिल्या आहेत, कारण माझे वाचक बहुतेक तिथेच आहेत.

## 5. याचिका लिहा, पण लगेच पाठवू नका

आधी संसदेच्या याचिका संकेतस्थळावर ‘वुडकॉक’ हा शब्द शोधा. त्याच मागणीची याचिका चालू असेल तर नवी नाकारली जाते. तेव्हा अहंकार बाजूला ठेवून चालू असलेल्या याचिकेसाठी काम करा.

नसेल तर मसुदा तयार करा. शीर्षकाला 80 अक्षरं, पार्श्वभूमीला 300, जादा तपशिलाला 500. अक्षरं, शब्द नव्हे, आणि मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात. म्हणून मसुदा आधी वहीत किंवा साध्या फाइलमध्ये लिहा आणि कापत जा. शीर्षकात पक्षी आणि तारीख. पार्श्वभूमीत मागणीचं वाक्य, कलमासकट. जादा तपशिलात रेड लिस्ट, 2003 व 2013 चे आकडे, पाहुण्यांचा महिना आणि शिकारीच्या बाजूच्या ट्रस्टचा सल्ला. ‘क्रूर’, ‘रक्तपिपासू’, ‘लाज वाटली पाहिजे’ यांना इथे जागा नाही. आपल्याला जो शिकारी 1 डिसेंबरपर्यंत थांबतो त्याचीही सही हवी आहे, आणि असे शिकारी खरोखरच आहेत.

मसुदा दोन जणांना वाचायला द्या: एक इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा, आणि एक ज्याला पक्ष्यांचं काहीच कळत नाही असा. दुसऱ्याने ‘म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय?’ असं विचारलं तर पुन्हा लिहा.

पाठवल्यावर सुरुवातीला पाच समर्थकांनी दुजोरा द्यावा लागतो, मग संसदेचे कर्मचारी तपासतात आणि मगच ती प्रसिद्ध होते. तपासणीला दिवस लागतात, हे धरून चाला. ते पाच जण आधीच ठरवून ठेवा, त्यांचे ईमेल पत्ते तपासून घ्या.

थांबा: प्रसिद्ध झालेल्या याचिकेचा मजकूर तुम्हाला बदलता येत नाही. तारीख, कलम आणि ‘इंग्लंड’ हा शब्द, तीनही गोष्टी पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचा.

## 6. कधी सुरू करायची

याचिका सहा महिने उघडी राहते. जुलैत सुरू केली तर पहिले दोन महिने सुट्ट्यांत जातात. संसद बंद, लोक बाहेरगावी आणि वुडकॉक कुणाच्या डोक्यात नाही. ऑगस्टच्या शेवटी मसुदा पाठवा, म्हणजे ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत प्रसिद्ध होते. मग 1 ऑक्टोबर, नोव्हेंबरची पौर्णिमा आणि 1 डिसेंबर हे तीनही दिवस तुमच्या सहा महिन्यांत येतात. या तीन दिवसांभोवती प्रचार आखा. मधल्या आठवड्यांत दम खा. रोज एक पोस्ट टाकणारे लोक तिसऱ्या आठवड्यात स्वतःच थकतात आणि गटातल्या लोकांनाही थकवतात.

सार्वत्रिक निवडणूक जवळ असेल तर थांबा. संसद विसर्जित झाली की चालू असलेल्या सगळ्या याचिका बंद होतात, 2024 मध्ये तसंच झालं. तुमच्या 60,000 सह्या पुढच्या संसदेत जमा धरल्या जात नाहीत.

## 7. सह्या गोळा करा, मोजल्या जातील अशा

आपली माणसं सर्वांत जास्त घसरतात ती इथे.

सही करणारा ब्रिटिश नागरिक किंवा युनायटेड किंग्डमचा रहिवासी असावा लागतो. इथे व्हिसावर राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस सही करू शकतो, त्याला नागरिकत्वाची गरज नाही. पण पुण्यातली मावशी, नाशिकचे काका, ठाण्यातला शाळेतला मित्र सही करू शकत नाहीत, कितीही पक्षीप्रेमी असले तरी. प्रेमापोटी कुटुंबाच्या गटात लिंक टाकू नका. अपात्र सह्या पुढे काढून टाकल्या जाऊ शकतात, आणि बाहेरच्यांनी भरती केली असा आरोप होतो तो वेगळाच. भारतात राहणारा ब्रिटिश नागरिक मात्र चालतो.

नाव, ईमेल आणि पोस्टकोड भरल्यावर एक ईमेल येतो. त्यातल्या दुव्यावर बोट ठेवल्याशिवाय सही मोजली जात नाही. आमच्या गटात एका रविवारी पन्नासेक जणांनी ‘केली सही’ असं लिहिलं. आकडा मात्र जेमतेम तिसाने हलला. बाकीच्यांचे ईमेल नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात पडून होते. तेव्हापासून मी लिंकसोबत नेहमी हे वाक्य पाठवते: ‘सही केल्यावर ईमेल उघडा, दुवा दाबा, मग मला सांगा.’

गणपतीच्या मंडपात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात कागदावर सह्या घेतल्या तर त्या ई-याचिकेत धरल्या जात नाहीत. कागदी याचिका हा वेगळा मार्ग आहे, ती खासदारामार्फत सभागृहात मांडली जाते. कार्यक्रमात टेबल लावायचं असेल तर फोनवर उघडणारा क्यूआर कोड छापून ठेवा आणि शेजारी बसून माणसाला ईमेलचा दुवा दाबेपर्यंत मदत करा. पाच मिनिटं जातात, पण सही पक्की होते.

मंडळाच्या नावाचा प्रश्न: तुमचं महाराष्ट्र मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याच्या नावाने मोहीम काढण्यापूर्वी विश्वस्तांना विचारा. इंग्लंडमधल्या धर्मादाय संस्थेला धोरण बदलण्यासाठी मोहीम चालवता येते, पण ती तिच्या नोंदलेल्या उद्दिष्टांना धरून असावी लागते, आणि कोणत्याही राजकीय पक्षाची बाजू घेता येत नाही. ‘मराठी संस्कृतीचं जतन’ या उद्दिष्टात वुडकॉक बसत नाही. मोहीम व्यक्तींचा गट म्हणून चालवा, मंडळाकडून फक्त टेबलापुरती जागा मागा.

## 8. खासदाराला गाठा

हे काम सह्यांच्या बरोबरीने, पहिल्याच आठवड्यात सुरू करा. 90,000 सह्या होईपर्यंत थांबणारे लोक मी पाहिले आहेत. चर्चेचा दिवस येतो तेव्हा त्यांच्या खासदाराने या पक्ष्याचं नावही ऐकलेलं नसतं.

खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या माणसांचं काम बघतात. पत्रात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड नसेल तर उत्तर येणार नाही. तुम्हाला मत नसलं तरी तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता, एवढं पुरतं. आणि एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते: राहण्याचा वैध परवाना असलेले भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतात आणि संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. नाव घातलं नसेल तर आधी घाला, मग पत्र लिहा.

पत्र एका पानाचं. आशय असा ठेवा:

> मी तुमच्या मतदारसंघात अमुक पत्त्यावर राहते. आमच्या जवळच्या जंगलात मे महिन्यात संध्याकाळी वुडकॉक दिसतात, या वर्षी मी तीन वेळा मोजले. हा पक्षी ब्रिटनच्या रेड लिस्टमध्ये आहे. हिवाळी पाहुणे येण्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्याची शिकार कायदेशीर आहे. शिकारविषयक संशोधन करणारा ट्रस्टही 1 डिसेंबरपूर्वी शिकार करू नका असं सुचवतो. मंत्र्यांना कलम 2(5) खाली ही तारीख बदलता येते. तुम्ही त्यांना लेखी प्रश्न विचाराल का, की हा अधिकार वापरण्याचा त्यांचा विचार आहे का? उत्तराची वाट पाहते.

शेवटची ओळ महत्त्वाची. ‘कृपया पाठिंबा द्या’ म्हटलं की ‘तुमच्या भावना समजल्या’ असं उत्तर येतं. लेखी प्रश्न ही ठोस गोष्ट मागितली की हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि मंत्र्यांचं उत्तर संसदेच्या नोंदीत राहतं.

तयार नमुना शंभर जणांना वाटू नका. एकसारखी पत्रं कार्यालयात एका गठ्ठ्यात जातात आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. मुद्दे द्या, वाक्यं ज्याची त्याला लिहू द्या. तुटक इंग्रजीतलं खरं पत्र चालतं.

तपासा: तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर कार्यालयाला फोन करा आणि खासदारांच्या भेटीच्या वेळेत, ज्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात, दहा मिनिटं मागा.

## 9. 10,000, 1,00,000 आणि त्यानंतर

10,000 सह्यांवर सरकारचं लेखी उत्तर येतं. ते आलं की रागाने शेअर करण्यापूर्वी दोनदा वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: कलम 2(5) चा उल्लेख आहे का, नकाराचं कारण पुराव्याचं आहे की ‘शिकारी स्वेच्छेने थांबतातच’ असं आहे, आणि पुढे काही आढावा घेऊ असं म्हटलं आहे का. उत्तर मागणीला सोडून असेल तर याचिका समितीला तसं कळवा. समिती खात्याला नवीन उत्तर द्यायला सांगू शकते आणि तसं तिने केलेलं आहे.

1,00,000 वर चर्चेचा विचार होतो. याच मागणीची एक याचिका ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने काढली होती, ख्रिस पॅकहम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे हे तिचे संस्थापक. तिने लाखाचा टप्पा ओलांडला आणि 27 फेब्रुवारी 2023 ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. सरकारने तारीख तिथल्या तिथे बदलली नाही. बदलणारही नव्हती, कारण अशा चर्चेत बंधनकारक मतदान होतच नाही. ‘लाख सह्या म्हणजे कायदा’ हा समज गटात सुरुवातीलाच दूर करा, नाहीतर चर्चेच्या दुसऱ्या दिवशी सगळे हताश होतात, आणि खरं काम तर तिथून पुढे असतं.

माल्टा या देशात काय झालं तेही सांगून ठेवते. तिथे वसंतातल्या शिकारीविरुद्ध लोकांनी मतदारांच्या 10 टक्क्यांहून अधिक सह्या जमवून सार्वमत घडवून आणलं. 11 एप्रिल 2015 ला मतदान झालं आणि शिकार चालू ठेवणाऱ्यांनी सुमारे 2,200 मतांनी ते जिंकलं. त्यांच्या प्रचाराचा एक सूर होता, आज आमचा छंद, उद्या तुमचा. ब्रिटनमध्येही हा मुद्दा येणार. त्यावरचं उत्तर तारखेच्या मागणीतच आहे: छंद कुणी काढून घेत नाही, डिसेंबर आणि जानेवारी तसेच राहतात.

चर्चेनंतरची कामं या क्रमाने करा.

पहिलं, माहिती मागा. पर्यावरणविषयक माहितीचे 2004 चे नियम आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखे वापरता येतात. डेफ्राला ईमेलने विचारा: वुडकॉकच्या बंद हंगामाबद्दल खात्याला त्याच्या वैज्ञानिक सल्लागारांकडून कोणता सल्ला मिळाला? उत्तर साधारणपणे 20 कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. प्रश्न नेमका आणि एकच ठेवा. ‘वुडकॉकविषयीची सगळी कागदपत्रं’ मागितली तर मागणी अवाजवी म्हणून परत येऊ शकते.

दुसरं, सल्लामसलतीवर नजर ठेवा. तारीख बदलण्याआधी मंत्र्यांना सल्लागार संस्थांचं मत घ्यावं लागतं आणि ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कलम 26 मध्ये ते आहे. अशी सल्लामसलत उघडली की स्वतःच्या शब्दांत उत्तर द्या. शिकारी संघटना आपल्या सदस्यांकडून ते करून घेतातच.

तिसरं, जमिनीच्या मालकाला विचारा. कायदा बदलेपर्यंत वाट बघायची गरज नाही. तुमच्या जवळचं जंगल कुणाचं आहे ते शोधा. स्थानिक परिषदेचं असेल तर नगरसेवकाला पत्र लिहा: या जमिनीवर 1 डिसेंबरपूर्वी वुडकॉक मारू देऊ नका. मात्र शिकारीचा हक्क कधी कधी जमिनीपासून वेगळा विकलेला किंवा भाड्याने दिलेला असतो, तेव्हा ‘जमीन कुणाची’ यासोबत ‘शूटिंगचा हक्क कुणाकडे’ हेही विचारा. हा दुसरा प्रश्न राहून गेल्याने माझं एक वर्षाचं पत्रव्यवहाराचं काम फुकट गेलं.

थांबा: शिकारीच्या दिवशी जंगलात जाऊन आवाज करणं, रस्ता अडवणं, पक्षी उठवणं असलं काही करू नका. दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन कायदेशीर कामात मुद्दाम अडथळा आणणं हा 1994 च्या फौजदारी न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. व्हिसावर असाल तर फौजदारी प्रकरण फार महागात पडतं. आणि शिकाऱ्यांचे फोटो, नावं, गाडीचे नंबर गटात टाकू नका.

## 10. मे-जूनमध्ये मोजणी करा

ही पायरी शेवटी लिहिली असली तरी तुम्ही हा लेख हिवाळ्यात वाचत असाल तर सुरुवात इथूनच होते. खासदाराला लिहिलेल्या पत्रात ‘आमच्या जंगलात’ हे दोन शब्द खरे असायला हवेत.

नर वुडकॉक वसंतात संधिप्रकाशात झाडांच्या शेंड्यांवरून ठरल्यासारख्या फेऱ्या मारतो. आधी बेडकासारखा खर्जातला आवाज, मग एक तीक्ष्ण चिवचिव. एकदा ऐकलात की विसरणार नाही. जंगलातली मोकळी जागा किंवा वाटांचा चौक निवडा. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि त्यानंतर तासभर एकाच जागी उभे राहा. प्रत्येक फेरीची वेळ आणि दिशा लिहा. मे आणि जूनमध्ये मिळून अशा तीन संध्याकाळी.

वहीत ‘तीन पक्षी’ असं लिहू नका, ‘तीन फेऱ्या’ असं लिहा. एकच नर तीनदा जाऊ शकतो. एकही फेरी झाली नाही तर शून्य लिहा आणि ती संध्याकाळही नोंदवा, तारखेसह. घरट्याच्या शोधात झुडपात शिरू नका आणि कुत्रा बरोबर नेऊ नका, पिल्लं जमिनीवरच असतात.

नोंदी ‘ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी’च्या ऑनलाइन नोंदवहीत भरा, एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि ऑगस्टमध्ये मसुदा लिहायला बसाल तेव्हा ती वही समोर उघडी असू द्या. जाताना विजेरी, डासांसाठी मलम आणि एक स्वेटर घ्या. जूनमध्येसुद्धा दहा वाजता जंगलात गार होतं.